संयमाविषयी, तुम्ही विचारलेत म्हणून

बाहुल्या तसूतसूने हलवून चित्रपट करणाऱ्या मला भेटणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो, 'एवढा संयम येतो कुठून?' खरे सांगायचे तर टेबलापाशी तो फारसा लागतच नाही. एका सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 स्थिर छायाचित्रे. प्रत्येक पोझ दोन फ्रेम धरली तरी बाहुली सेकंदाला 12 वेळा हलवायची असते, आणि तिचा खांदा सरकवताना मान कितपत वळली होती, पुढच्या पावलाचा भार कोणत्या पायावर जाणार, हे सारे एकाच वेळी डोक्यात धरावे लागत असल्यामुळे कंटाळायला फुरसतच मिळत नाही. 1963 च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' या चित्रपटातील सात सांगाड्यांची लढाई याच तंत्राने काम करणारे रे हॅरीहाउसेन यांनी साडेचार महिने खपून उभी केली. पडद्यावर ती काही मिनिटांत संपते. लोक याला तपश्चर्या म्हणतात. मला तो अतिशय मंद गतीने केलेला अभिनय वाटतो.

संयम लागतो तो टेबलापासून उठल्यावर, वाट पाहताना. बाहुलीपटाच्या आद्य कलावंतांपैकी एक, लादिस्लास स्टारेविच यांना 1910 च्या सुमारास लिथुआनियातील कौनास येथे भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती, पण दिव्यांखाली ते निपचित पडत. तेव्हा त्यांनी मेलेल्या भुंगेऱ्यांचे पाय काढून त्यांच्या जागी लाखेने तारा बसवल्या आणि झुंज लावली. रशियन क्रांतीनंतर स्टारेविच फ्रान्सला गेले आणि तिथे मुलगी इरेन हिच्या साथीने त्यांनी कोल्ह्याच्या जुन्या कथेवर पूर्ण लांबीचा बाहुलीपट केला. दीड वर्षात, 1930 पर्यंत, चित्रण संपले. मात्र ध्वनीच्या अडचणींत चित्रपट अडकला, 1937 मध्ये बर्लिनला जर्मन आवाजात झळकला आणि फ्रेंच आवृत्तीला 1941 उजाडले.

माझे पोट जाहिरातींवर चालते, आणि त्यातून जे उरते त्यावर माझे लघुपट रखडत पुढे सरकतात. जाहिरातीचा शॉट पुरा झाल्यावर ग्राहक हमखास विचारतो, 'बाहुलीचा हात जरासा वर घेता येईल का?' त्या जरासाठी बहुधा सगळा शॉट पहिल्यापासून घ्यावा लागतो. म्हणून हल्ली कच्च्या चित्रांचा अॅनिमॅटिक, म्हणजे शॉट कसा दिसेल हे आधीच दाखवणारी चित्रफीत, लेखी मंजूर झाल्याशिवाय मी दिवेच लावत नाही.