पहाटे साडेपाचचं कोडं

“टू गर्ल्स, वन ऑन ईच नी.” उत्तर सात अक्षरांचं. माझी भाची मँचेस्टरहून सुट्टीला आली होती. तिने इंग्रजी शब्दकोड्यातला हा क्लू घातला आणि मी दिवसभर गुडघ्यांवर बसलेल्या दोन मुलींचा विचार करत राहिले. रात्री तिने उत्तर सांगितलं: पटेला, गुडघ्याची वाटी. पॅट ही एक मुलगी, एला ही दुसरी, आणि वाटी प्रत्येक गुडघ्यावर एकेक असतेच. हा क्लू रॉजर स्क्वायर्स यांचा. गार्डियन या ब्रिटिश वर्तमानपत्रात ते सोमवारची क्रिप्टिक कोडी, म्हणजे फसव्या क्लूंची शब्दकोडी, ‘रूफस’ या टोपणनावाने रचायचे. एकही शब्द खोटा नाही आणि तरी मी पुरती फसले, हे मला फार आवडलं.

ही गोष्ट २०१२च्या जूनमधली. बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. गार्डियनचं कोडं त्यांच्या साइटवर फुकट मिळतं. तिकडे मध्यरात्र झाली की नवं येतं, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाच आणि त्यांचे घड्याळाचे काटे पुढे गेले की साडेचार. चहा ठेवायचा, कोडं छापायचं, पेन्सिल घेऊन बसायचं.

पहिला महिना तीसेक क्लूंपैकी दोन-तीन सुटत. इंग्रजी शब्द तर येत होते. मग अडत कुठे होतं? ते उमगलं एका जुन्या श्लोकामुळे. माझे वडील संस्कृत शिकवायचे आणि जेवताना आम्हाला कूटश्लोक घालायचे. “केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः”. केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला, असं आपण वाचतो आणि महाभारतात शिरतो. वडील म्हणायचे, “गोष्ट विसर, पदं तोड.” ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शवं’ म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा. पाण्यात पडलेलं प्रेत पाहून कावळा हरखला, एवढंच. मी क्लू वाचून त्यातल्या गोष्टीत शिरत होते. पदं तोडायला हवी होती.

तिथून वाट सापडली. क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो आणि उरलेल्या भागात तेच उत्तर बांधायची कृती. समजा क्लू आहे, “रिस्पॉन्ड अ‍ॅज सॅपर्स परफॉर्म”, पाच अक्षरी. सॅपर्स म्हणजे रॉयल इंजिनिअर्स, ब्रिटिश लष्कराचं अभियंता दल, म्हणून आर आणि ई. परफॉर्म म्हणजे अ‍ॅक्ट. जोडलं की रिअ‍ॅक्ट, आणि रिस्पॉन्डचा अर्थही तोच. माझं बालपण खडकीत गेलं. बॉम्बे सॅपर्सच्या भिंतीलगतच्या रस्त्याने रोज शाळेत जायचे, त्यामुळे हा शब्द मला कुणी शिकवावा लागला नाही. क्रिकेटचंही तसंच. कॉट म्हणजे सी, बोल्ड म्हणजे बी, मेडन म्हणजे एम, डक म्हणजे ओ, ऑन साइड म्हणजे लेग. भावाच्या सामन्यांची स्कोअरबुकं मीच लिहायचे. ‘ड्रंक’, ‘ब्रोकन’ असा शब्द दिसला की शेजारची अक्षरं उलटसुलट करून बघायची, हेही लवकर अंगवळणी पडलं. मी ती अक्षरं गोलात लिहिते. ओळीत लिहिली की जुना शब्द पिच्छा सोडत नाही.

नद्यांनी मात्र छळलं. ‘फ्लॉवर’ हे फूल नसून फ्लो-अर, वाहणारी. ‘बँकर’ म्हणजे बँकवाला नव्हे, काठ असलेली. बरं, नदी हे कळूनही कोणती नदी? डी, एक्स, कॅम, टीज, आयसिस. शेवटी ब्रिटनचा नकाशा आणून स्वयंपाकघरात लावला.

आणि काही गोष्टी नकाशातही नसतात. “बार ऑफ सोप”, सहा आणि सहा अक्षरं, हा एक गाजलेला क्लू आहे. साबणाच्या वड्यांची सगळी नावं मी आठवून पाहिली. भाचीला फोन केला. तिने शेजारच्या आजींना विचारलं आणि त्या क्षणात म्हणाल्या, “रोव्हर्स रिटर्न.” कोरोनेशन स्ट्रीट ही १९६०पासून चालू असलेली त्यांची मालिका, म्हणजे सोप. तिच्यातला पब तो बार. त्या आजींच्या घरात हे नाव वर्षानुवर्षं रोज ऐकू येत होतं. मी ते वहीत लिहून ठेवलं. दोनशे पानी वही आता तिसरी चालू आहे.

खरी शिकवणी झाली ती उलट्या वाटेने. उत्तर उघडून बघायचं आणि ते तसं का, हे कळेपर्यंत क्लू सोडायचा नाही. नुसतं उत्तर पाहून पुढे जाणाऱ्याला काही मिळत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

जानेवारी २०१३मधलं एक कोडं, क्रमांक २५,८४२, मी अर्धवट सोडलं होतं. रचणारे अरॉकेरिया, म्हणजे रेव्हरंड जॉन ग्रॅहम, तेव्हा ९१ वर्षांचे. अरॉकेरिया हे एका झाडाचं नाव, त्यालाच तिकडे मंकी पझल म्हणतात. कोड्याच्या वर टीप होती: अरॉकेरियाला १९चा १८ उभा झाला आहे आणि त्यावर १३-१५ हा उपचार चालू आहे. आकडे त्याच कोड्यातल्या क्लूंचे, त्यांची उत्तरं त्या जागी घालून वाचायचं. मला त्यातलं काहीच सुटलं नाही. मग बातमीत वाचलं: अन्ननलिका, कॅन्सर, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं करण्यापेक्षा त्रास कमी करणारी शुश्रूषा. आपलं दुखणं त्यांनी आपल्या वाचकांना आपल्याच भाषेत कळवलं होतं. मी त्या भाषेत अजून अडखळत होते, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. नोव्हेंबरात ते गेले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रूफस यांचं एक सोमवारचं कोडं पूर्ण सुटलं होतं. पण मनात हे राहून गेलं होतं. २०१६च्या पावसाळ्यात संग्रहातून २५,८४२ पुन्हा छापून घेतलं. ते चार शब्द ठाऊकच होते, तरी आधी भरले नाहीत. बाकीचे क्लू एकेक करून सोडवले, दोन संध्याकाळी लागल्या. मग १९, मग १३ आणि १५, प्रत्येकाची पदं तोडून, बांधणी पटवून घेत. १८ उभा शेवटी ठेवला होता. तोही नीट फोडला, आणि वरून खाली सहा अक्षरं लिहिली.