बत्तीस मोजण्याआधी मास्ट बघा

कुठल्याही युद्धनौकेचा फोटो आमच्या ग्रुपवर आला की पहिला प्रश्न ठरलेला: क्षेपणास्त्रं किती? जानेवारी २०२५ मध्ये आयएनएस सुरत नौदलात दाखल झाली तेव्हा पुतण्याने लगेच विचारलं, "काका, हवाई हल्ला परतवायला फक्त ३२? अमेरिकेच्या अर्ली बर्कवर नव्वदच्या वर सेल असतात." असतात. सेल म्हणजे क्षेपणास्त्र ठेवायचा डेकमधला उभा कप्पा. चीनच्या टाइप ०५५ विनाशिकेवर तर ११२ आहेत. बत्तीसबद्दल मलाही बोलायचंय, पण ते शेवटी. त्या फोटोत माझी नजर आधी मास्टवर, म्हणजे रडार बसवलेल्या उंच खांबावर जाते.

मी युद्धनौकेवर कधी नोकरी केली नाही. मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो. १९९९ मध्ये जीएमडीएसएस ही जहाजांची स्वयंचलित संकटसंदेश यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि आमची जमातच संपली. मग इलेक्ट्रिकल ऑफिसर झालो. रडारची दुरुस्ती मात्र शेवटपर्यंत माझ्याच गळ्यात राहिली. त्यामुळे हे सगळं रडारवाल्याच्या नजरेतून आहे, तोफा-बॉम्बवाल्याने वेगळं लिहिलं असतं.

पृथ्वी गोल आहे हे शाळेत घोकलेलं वाक्य समुद्रावर रोज नडतं. रडारची लहर थोडी वाकते, पण क्षितिजापलीकडे फार जात नाही. आमचा ढोबळ हिशेब असा: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, समोरच्या वस्तूच्या उंचीचंही काढा, दोन्हींची बेरीज करून ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. रडार २५ मीटरवर आहे आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून ४ मीटरवरून येतंय असं धरा. उत्तर येतं साधारण २९ किलोमीटर. सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राला एवढं अंतर कापायला दीड मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. ब्रह्मोससारखं स्वनातीत असेल तर अर्धं मिनिट.

आता तेच रडार १६ मीटरवर बसवा. अंतर होतं जेमतेम २५ किलोमीटर. म्हणजे वरच्या नऊ मीटरनी सुमारे १४ सेकंद मिळवून दिले होते. घरात बसून १४ सेकंद म्हणजे काहीच नाही. पण जहाजावर तेवढ्यात ऑपरेटर "हे काय आलं?" म्हणतो, त्याचा वरिष्ठ मान वळवतो आणि पहिलं क्षेपणास्त्र बाहेर पडतं.

हा हिशेब ब्रिटिशांना १९८२ च्या फॉकलंड युद्धात फार महागात पडला. एचएमएस शेफील्ड ही टाइप ४२ विनाशिका खास हवाई संरक्षणासाठी बांधलेली. तिचं सी डार्ट क्षेपणास्त्र उंचावरून येणाऱ्या विमानांसाठी चांगलं होतं, लाटांना घासून येणाऱ्या गोष्टींसाठी नव्हे. ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या सुपर एतांदार विमानांनी खालून येऊन जहाजावर मारायचं एक्झोसेट क्षेपणास्त्र सोडलं. शेजारच्या एचएमएस ग्लासगोने विमानांचं रडार पकडून इशारा दिला होता. पण शेफील्ड त्या वेळी उपग्रहावरून बोलत होती, आणि त्या प्रक्षेपणामुळे तिचं शत्रूचं रडार हुंगणारं यंत्र बधिर झालं होतं. चौकशीचा अहवाल बऱ्याच वर्षांनी खुला झाला. त्यात असंही आहे की हवाई संरक्षणाची जबाबदारी असलेला अधिकारी त्या वेळी ऑपरेशन्स रूममध्ये नव्हता, वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत कॉफी घेत होता. २० माणसं गेली. अँटेनांच्या गर्दीत दोन यंत्रं एकमेकांना आंधळी करतात हा प्रकार मी साध्या मालवाहू जहाजावरही बघितलाय, म्हणून मला कॉफीपेक्षा त्या उपग्रह संचाची गोष्ट जास्त झोंबते.

तर मास्ट उंच हवा. मग सगळेच तो उंच का नाही करत? कारण वर चढवलेला प्रत्येक टन जहाजाला डोलायला लावतो. रडार जड असेल तर त्याला खाली उतरावं लागतं. अर्ली बर्कच्या चार मोठ्या अष्टकोनी तबकड्या मास्टवर नाहीत, ब्रिजच्या इमारतीच्या भिंतींत बसवल्या आहेत, त्या वजनामुळेच. ब्रिटिशांनी शेफील्डचा धडा गिरवला आणि नंतरच्या टाइप ४५ विनाशिकांवर सॅम्पसन रडारचा गोळा थेट मास्टच्या टोकावर नेला. त्यात फक्त दोन तोंडं आहेत आणि तो फिरतो. आपल्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गावर तिसरा मार्ग दिसतो. इस्रायली एमएफ-स्टार रडारचे चार पॅनेल इतके हलके आहेत की ते चारही दिशांना तोंड करून मास्टवरच बसतात आणि फिरत नाहीत. ७,४०० टनांच्या, १६३ मीटर लांबीच्या जहाजावर हे जमवणं ही माझ्या मते या नौकांच्या आराखड्यातली सगळ्यात हुशार गोष्ट आहे. ब्रह्मोसचे फोटो मात्र जास्त छापून येतात.

यातल्या दुसऱ्या वर्गातल्या विशाखापट्टणम, मुरगाव, इम्फाळ आणि सुरत या चारही नौका माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला जाताना कधी एखादं करड्या रंगाचं जहाज उभं असलं तर मी हटकून गाडीतून उतरून वरच्या डेकवर जातो. आयएनएस मुरगाव पहिल्यांदा समुद्रात निघाली ती १९ डिसेंबर २०२१ ला, गोवा मुक्तीच्या साठाव्या वाढदिवशी, आणि नौदलात आली वर्षभराने, १८ डिसेंबरला. नौदलाला तारखा जुळवायची हौस आहे.

न फिरणाऱ्या रडारचा फायदा आमच्यासारख्यांना पटकन कळतो. आमच्या जहाजावरच्या एक्स-बँड रडारचा स्कॅनर मिनिटाला चोवीस-पंचवीस फेऱ्या मारायचा, म्हणजे प्रत्येक वस्तू अडीच सेकंदांनी एकदा दिसायची. दूरवर टेहळणी करणारी मोठी रडारं त्याहून सावकाश फिरतात. चार सेकंदांच्या एका फेरीत स्वनातीत क्षेपणास्त्र साडेतीन किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. एमएफ-स्टारसारखं रडार आपला झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवतं, त्यामुळे संशयाच्या जागी ते लगेच पुन्हा बघू शकतं, आणि त्याच वेळी बाकीच्या आकाशावरही लक्ष ठेवतं.

दुसरी डोकेदुखी लाटांची. नारळी पौर्णिमेनंतर आपल्या किनाऱ्यावर होड्या बाहेर पडतात तेव्हा समुद्र पुरता निवळलेला नसतो. पडद्यावर मध्यभागी लाटांचा नुसता भात सांडलेला असतो. लाटांचे ठिपके पुसणारा सी-क्लटरचा नॉब वाढवला की लाटा जातात, त्यांच्याबरोबर लाकडी होड्याही जातात. सेकंड मेट वैतागून मला वर बोलवायचा, "रडार बिघडलंय." रडार बिघडलेलं नसायचं. क्षेपणास्त्र होडीहूनही छोटं दिसतं, पण ते लाटांपेक्षा फार वेगाने हलतं. आधुनिक रडार त्या वेगावरूनच त्याला लाटांतून वेगळं काढतं.

आणि थंड पाणी! याबद्दल कोणी बोलत नाही. तापू नये म्हणून असं रडार विजेइतकंच थंड पाणी खातं. चिल्ड वॉटरचा एखादा पंप गेला तर हजारो कोटींच्या जहाजाची नजर मंदावू शकते. युद्धनौकेच्या पोटात शिरायला मिळालं तर मी आधी एसी प्लँट बघायला मागेन.

आता क्षेपणास्त्र. १९९७ च्या आयएनएस दिल्लीवर श्टील हे रशियन विमानविरोधी क्षेपणास्त्र होतं. त्यात जहाजावरच्या वेगळ्या रडारने लक्ष्यावर शेवटपर्यंत झोत धरून ठेवावा लागतो, अंधारात चोरावर बॅटरी मारून धरतात तसा. जितक्या बॅटऱ्या, तितकेच चोर. पुतण्याचे बत्तीस आहेत ते बराक-८, आणि त्याच्या नाकात स्वतःचं रडार आहे. जहाज त्याला वाटेत सूचना देत राहतं, शेवटचा टप्पा ते स्वतः बघतं, त्यामुळे एका वेळी बऱ्याच लक्ष्यांना तोंड देता येतं. डीआरडीओ आणि इस्रायलच्या आयएआयने ते मिळून बनवलं. आयएनएस कोलकाता ऑगस्ट २०१४ मध्ये दाखल झाली आणि तिच्यावरून बराक-८ ची पहिली चाचणी झाली डिसेंबर २०१५ च्या शेवटी. घर आधी, दार मागून. ते आता जुनं झालं.

पल्ला ७० किलोमीटरच्या वर सांगतात. चौकस वाचकाच्या इथे लक्षात येईल की २९ किलोमीटरपलीकडे लाटांवरून येणारं दिसतच नसेल तर ७० चा उपयोग काय? उंचावरच्या विमानासाठी आहेच. खालून येणाऱ्यासाठी मात्र दुसऱ्या कोणाचे डोळे उसने घ्यावे लागतात: विमानवाहू नौकेवरून उडणारं, पोटाखाली अँटेना फिरवणारं कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर, किंवा पुढे असलेलं दुसरं जहाज. मे २०१९ मध्ये कोची आणि चेन्नई या दोन नौकांनी पश्चिम किनाऱ्यावर हेच करून बघितलं. दोघींची क्षेपणास्त्रं एकीनेच नियंत्रित करून वेगवेगळी लक्ष्यं पाडली. बातमी छोटी आली. मला ती नव्या नौकेच्या जलावतरणाएवढी मोठी वाटली.

हे सगळं असूनही बटणापाशी माणूसच असतो. इस्रायलची हानित नौका १४ जुलै २००६ ला बैरूतसमोर होती. तिच्यावर जुनं बराक होतं, पण हिजबुल्लाकडे जहाजावर मारायचं क्षेपणास्त्र असेल असं कोणाला वाटलं नाही आणि यंत्रणा कामाला लावलेलीच नव्हती. चार खलाशी गेले. याच्या नेमकं उलट घडलं ३ जुलै १९८८ ला. अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० जण मेले. विमान वर चढत होतं, नौकेवरच्या एजिस या रडार-संगणक यंत्रणेच्या नोंदीतही तसंच होतं. ताणाखालच्या माणसांनी ते खाली येतंय असं वाचलं. त्या काळात मी आखातात टँकरवर होतो. सगळी जहाजं ऐकतात त्या रेडिओच्या चॅनेल १६ वर युद्धनौकांचे इशारे रात्रंदिवस चालायचे, आणि आपल्याला कोणी चुकीचं ओळखू नये म्हणून आमचा कॅप्टन नाव, बंदर, माल तीन-तीनदा सांगायला लावायचा.

त्यामुळे २०२३ च्या डिसेंबरपासून लाल समुद्रात जे झालं ते मी या दोन्ही बाजूंनी वाचत होतो. एचएमएस डायमंडने येमेनच्या हूथी बंडखोरांचं ड्रोन पाडलं. अमेरिकेच्या ग्रेव्हली या विनाशिकेला जानेवारीत एक क्षेपणास्त्र मैलभरावर आल्यावर शेवटच्या फॅलँक्स तोफेने थांबवावं लागलं. केम प्लूटो या टँकरवर २३ डिसेंबरला ड्रोन आदळलं तेव्हा मुरगाव, कोची आणि कोलकाता अरबी समुद्रात पाठवल्या गेल्या. २६ जानेवारी २०२४ ला मार्लिन लुआंडा टँकर पेटला. त्यावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. मदतीला गेली आयएनएस विशाखापट्टणम, आणि तिच्या दहा जणांनी चढून आग विझवायला हात लावला. हवाई संरक्षणाची विनाशिका, आणि त्या दिवशी कामाला आले ते होज आणि फोम.

आता पुतण्याचे बत्तीस. माझं मत: नौकेला स्वतःला आणि जवळच्या दोन-चार जहाजांना एका जोरदार हल्ल्यातून वाचवायला ते पुरतात. लाल समुद्रासारखं आठवडेच्या आठवडे रोज थोडं-थोडं येत राहिलं तर पुरणार नाहीत. रिकामा झालेला सेल भर समुद्रात भरणं सोपं नसतं. धक्का, क्रेन आणि शांत पाणी लागतं, म्हणजे नौका मोर्चा सोडून बंदरात परत. पण सेल वाढवण्याआधी मी स्वस्त ड्रोनसाठी स्वस्त उपाय वाढवीन. पुढे ७६ मिलिमीटरची तोफ आहे, बाजूंना एके-६३० या झपाट्याने गोळ्या झाडणाऱ्या चार छोट्या तोफा आहेत. त्यांचा दारूगोळा, त्यांची नजर जुळवणारी यंत्रणा आणि ती चालवणाऱ्या पोरांचा सराव यावर पैसा घालीन. बराक जपून ठेवायचं ते अर्ध्या मिनिटात येणाऱ्यासाठी. पुतण्याला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, "काका, तरी ६४ असते तर?" असते तर मीही नाही म्हटलं नसतं, फक्त ते वजन कुठे बसवणार ते आधी दाखव म्हणालो असतो.