पोटावरचा निळा वळ

"बेल्ट लावला होता हो डॉक्टर, खरंच!" कॅज्युअल्टीत आई हेच परत परत सांगत होती. खोटं नव्हतंच ते. सहा वर्षांच्या मुलीच्या बेंबीवरून आडवा, तीन बोटं रुंद निळा वळ उठला होता. बेल्टचाच.

एक्सप्रेसवेवर पुढचा ट्रक अचानक थांबला आणि यांची गाडी त्याच्यावर आदळली. आईवडिलांना नुसतं खरचटलेलं. मुलगी शुद्धीत, नाडी ठीक, सोनोग्राफी साफ. "मग घरी नेऊ ना?" वडील म्हणाले. मी लहान मुलांची सर्जन. हा वळ दिसला की मूल घरी सोडत नाही. आतड्याला पडलेलं भोक पहिले काही तास सोनोग्राफीला चकवतं, कधीकधी सीटीलासुद्धा.

दर दोन तासांनी पोट चाचपत राहिले. पहाटे चारला तिनं हातच लावू दिला नाही. पोट लाकडासारखं घट्ट. उघडलं, तर लहान आतडं फाटलेलं. शिवलं. मणका वाचला होता, हे तिचं नशीब.

बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा. आपल्याला तो कमरेच्या हाडांवर बसतो. ११२ सेंटीमीटरच्या पोरीला वरचा पट्टा गळ्याशी काचतो, म्हणून ती तो पाठीमागे टाकते (हिनंही टाकला होता), आणि खालचा सरकून पोटात रुततो. बूस्टर म्हणजे मुलाला चार-पाच इंच उंच बसवणारी बैठक, बाकी काही नाही. साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत ती लागते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल न बांधता नेलं तर हजार रुपये दंड आहे. पण कायदा वय बघतो, बेल्टला उंची लागते.

वडील ऐकून गप्प. मग म्हणाले, "सीट कव्हर अठरा हजारांची घातलीत मी."

दहाव्या दिवशी टाके काढल्यावर मला आग्रहानं खाली गाडीपाशी नेलं. मागे नवा बूस्टर. पोरगी ऐटीत बसली, पट्टा खांद्याच्या बरोबर मधोमध. पुढच्या सीटवर आजी, मांडीवर दीड वर्षाचा धाकटा.

"याला बांधायला नका हं सांगू," आजीच आधी बोलल्या. "रडतो. मी घट्ट धरते ना."

"आजी, पन्नासच्या स्पीडला गाडी आदळली की हा दहा किलोंचा राहत नाही, शंभराच्या वर जातो. तांदळाची दोन पोती धराल?"

"पोतं काय म्हणता हो लेकराला!"

त्या दिवशी माझी ओपीडी अर्धा तास उशिरा सुरू झाली.