कायद्याने स्वस्त ठेवलेले घड्याळ

वडिलांच्या घड्याळाच्या तबकडीवर छापलेली ‘१७ ज्वेल्स’ ही अक्षरे मी लहानपणापासून वाचत आलो. त्या माणकांपैकी काही नेमकी कशासाठी असतात, हे मात्र ओरिस या स्विस कंपनीच्या इतिहासामुळे उमगले.

पॉल कॅटॅन आणि जॉर्ज क्रिस्तियान यांनी १९०४ साली बाझेलजवळच्या होल्स्टाइन गावातला बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि जवळच्या ओढ्याचे नाव कंपनीला दिले. घड्याळ सामान्य माणसाला परवडावे म्हणून त्यांनी पिन लिव्हर पद्धतीचे एस्केपमेंट स्वीकारले. एस्केपमेंट म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगची ताकद एकदम सुटू न देता टिकटिकीच्या मापाने सोडणारी यंत्रणा. भारी घड्याळात तिच्या लिव्हरला माणकाचे दोन तुकडे बसवलेले असतात, तर पिन लिव्हरमध्ये त्यांच्या जागी पोलादाच्या साध्या पिना येतात. त्या झिजतात, आणि जाणकार अशा घड्याळाला नाक मुरडतात.

ओरिसला पुढे माणकांचे लिव्हर वापरायचे होते, पण १९३४ चा स्विस कायदा आडवा आला. मंदीत सापडलेल्या घड्याळ उद्योगाला सावरण्यासाठी केलेल्या या कायद्यामुळे नवे तंत्र स्वीकारायला सरकारची परवानगी लागू लागली आणि ओरिस पिनांनाच जखडली गेली. जो ज्या पायरीवर आहे त्याला तिथेच बसवून ठेवणाऱ्या या व्यवस्थेला संरक्षण म्हणणे मला तरी जड जाते. कंपनीने मात्र त्याच पिनांच्या यंत्रातून होता होईल तेवढा अचूकपणा काढला. १९३८ साली तिने वैमानिकांना हातमोजे न काढता फिरवता यावी अशी मोठ्या चावीची ‘बिग क्राउन’ बाजारात आणली.

ओरिसने १९५६ साली नेमलेल्या रोल्फ पोर्टमन या तरुण वकिलाने हा कायदा बदलून घेण्यासाठी दहा वर्षे झुंज दिली आणि १९६६ मध्ये तो मागे घेतला गेला. दोनच वर्षांत ओरिसच्या ६५२ क्रमांकाच्या यंत्राला क्रोनोमीटरचे, म्हणजे काटेकोर अचूकपणाचे, प्रमाणपत्र मिळाले.

पण तोवर सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ दाराशी आले होते. १९७० मध्ये ओरिस एका मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली आणि तिची पार रया गेली. १९८२ मध्ये पोर्टमन यांनीच उलरिच हर्झोग यांच्यासह ती विकत घेतली आणि पुढे सेलची घड्याळे सोडून केवळ यांत्रिकच करायची असे ठरवले.