कुलूप लावलं, पण आतले आतच होते

आमची कंपनी पुण्यात बाणेरला, चाळीसेक माणसांची. सगळा कारभार गुगल क्लाऊडवर. मध्यंतरी एका ग्राहकाची सिक्युरिटीची प्रश्नावली आली. त्यात विचारलं होतं, कंपनीच्या डोमेनबाहेरच्या कोणाला तुमच्या क्लाऊडवर ॲक्सेस आहे का? सरांनी मेल मला फॉरवर्ड केला, वर फक्त "नाही ना?" मीही 'नाही' लिहून मोकळी होणार होते. तरी म्हटलं, एकदा बघून घ्यावं.

आयएएमचं, म्हणजे कोणाला काय अधिकार दिलेत त्याचं, पान उघडलं तर तिसऱ्याच ओळीत आमच्या जुन्या फ्रीलान्स डिझायनरचं जीमेल. काम संपवून त्याला दोन वर्षं झाली होती. रोल काय, तर एडिटर. बिचाऱ्याला एका बकेटमध्ये, म्हणजे फाइली ठेवायच्या जागेत, चार आयकॉन टाकायचे होते, आणि कोणीतरी अख्खा प्रोजेक्ट त्याच्या हातात दिला होता. हे 'कोणीतरी' म्हणजे मीच. ॲडमिन ॲक्टिव्हिटीचे लॉग, म्हणजे कोणी काय बदललं याच्या नोंदी, 400 दिवसच राहतात, त्यामुळे पुरावा उरला नव्हता, पण मला पक्कं आठवत होतं.

एकेकाला हुडकून काढत बसण्यापेक्षा नियमच हवा, असं ठरवलं. कंपनीचे सगळे प्रोजेक्ट ज्या छत्राखाली येतात ती ऑर्गनायझेशन, थोडक्यात ऑर्ग. तिच्या नियमांत, म्हणजे ऑर्गनायझेशन पॉलिसीमध्ये, 'डोमेन रिस्ट्रिक्टेड शेअरिंग' नावाची तशी सोय आहे: ठरावीक कंपनीच्या खात्यांशिवाय कोणालाही रोल देता येत नाही. 3 मे 2024 पासून तयार झालेल्या ऑर्गना ती आपोआप लागलेली असते. आमची ऑर्ग त्याआधीची, म्हणजे सताड उघडी.

पहिला अडथळा हास्यास्पद. पॉलिसीचं पान दिसतंय, पण बदलायचं बटण दाबताच येत नाही. मी प्रोजेक्टची ओनर असून! ओनर असणं इथे कामाचं नाही. ऑर्गच्या पातळीवर 'ऑर्गनायझेशन पॉलिसी ॲडमिनिस्ट्रेटर' हा वेगळा रोल लागतो. तो सरांकडून घेतला. मग मी रकान्यात आमचं डोमेन टाइप केलं, तर ते चालेना. तिथे डोमेनचं नाव नाही, गुगल वर्कस्पेसचा (कंपनीच्या मेल-खात्यांचा) कस्टमर आयडी लागतो, 'सी' अक्षराने सुरू होणारा. तो ॲडमिन कन्सोलमध्ये अकाउंट सेटिंग्जमध्ये सापडतो. सापडला.

थेट ऑर्गला हात न लावता आधी एका टेस्ट प्रोजेक्टवर पॉलिसी लावली. पाचदहा मिनिटं थांबले आणि स्वतःच्या जीमेलला व्ह्यूअर करून पाहिलं. लाल पट्टी आली: यादीतले एक किंवा अधिक युजर परवानगी असलेल्या कस्टमरचे नाहीत. मस्त! मग ऑर्गवर लावली, चहा घेऊन आले, मुख्य प्रोजेक्टचं पान रिफ्रेश केलं. डिझायनर तिसऱ्या ओळीत जागच्या जागी.

ही पॉलिसी मागचं काही काढत नाही. सोसायटीत नवा वॉचमन बसवल्यासारखं आहे: गेटवर येणाऱ्याला अडवतो, पण आत आधीच कोण राहतंय हे विचारत नाही. त्यामुळे ज्या कामापासून मी पळत होते तेच करावं लागलं. ॲसेट इन्व्हेंटरी या गुगल क्लाऊडच्याच यादीतून सगळ्या ऑर्गच्या आयएएम पॉलिसींमध्ये 'जीमेल' शोधता येतं. अकरा खाती निघाली. दोन इंटर्न, एक जुना कंत्राटदार, आमच्याच लोकांची घरची जीमेलं. एका बकेटवर तर 'ऑल ऑथेंटिकेटेड युजर्स' होतं. देणाऱ्याला वाटलं होतं, म्हणजे आपल्याकडे लॉगिन केलेली माणसं. त्याचा खरा अर्थ, जगातलं कुठलंही गुगल खातं. हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून होते.

ज्यांना खरंच काम होतं त्यांना कंपनीचे आयडी काढून दिले. नुसती खाती देणाऱ्या गुगलच्या क्लाऊड आयडेंटिटीची फुकट आवृत्ती 50 जणांपर्यंत चालते, त्यामुळे खर्चाचा प्रश्न आला नाही. बाहेरच्या अख्ख्या कंपनीला आत घ्यायचं असेल तर तिचा कस्टमर आयडीही यादीत जोडता येतो. आम्हाला गरज नव्हती.

शुक्रवारी हे झालं. शनिवार-रविवार शांत, सोमवारही शांत. मंगळवारी नवं पेमेंटचं वेबहूक, म्हणजे पेमेंटच्या सूचना बाहेरून जिथे येतात ती सर्व्हिस, क्लाऊड रनवर (गुगलवर प्रोग्राम चालवायची सोय) गेलं आणि बाहेरून येणारी प्रत्येक रिक्वेस्ट 403, म्हणजे 'परवानगी नाही'. डिप्लॉय यशस्वी, सर्व्हिस हिरवी, पण दार बंद. कारण आम्ही सार्वजनिक सर्व्हिस उघडायला 'ऑल युजर्स'ला, म्हणजे जगातल्या कोणालाही, परवानगी देत होतो, आणि 'ऑल युजर्स' कुठल्याच डोमेनमध्ये बसत नाही. जुन्या सर्व्हिस जुन्या परवानगीवर बिनबोभाट चालू होत्या, म्हणून चार दिवस कळलंच नाही.

बॅकएंडचा पोरगा म्हणाला, "मॅडम, तासभर पॉलिसी काढू, परवानगी देऊ, परत लावू." पॉलिसी मागचं काढत नाही म्हटल्यावर ही युक्ती चालणारच. त्या रात्री आम्ही तेच केलं, लपवत नाही. पण दर नव्या सर्व्हिसला हे करायचं तर एक दिवस कोणीतरी परत लावायला विसरणार. म्हणून बुधवारी नीट केलं: एक टॅग, म्हणजे सर्व्हिसला चिकटवायची खूण, तयार केला, टॅग असलेल्या सर्व्हिसला पॉलिसीतून सूट दिली, आणि टॅग लावायचा अधिकार दोघांपुरता ठेवला.

मग त्याच पोराने अजून एक भोक दाखवलं. आमच्या डोमेनवर व्हेंडर लोकांचा एक गुगल ग्रुप आहे. ग्रुपचा पत्ता आमचा, म्हणून पॉलिसी त्याला खुशाल रोल देऊ देते. ग्रुपच्या आत कोण आहे ते बघतच नाही. आत चार परके. ग्रुपमध्ये बाहेरचे सदस्य घ्यायची सोय ॲडमिन कन्सोलमधून बंद केली आणि त्या चौघांना हाताने काढलं.

इतकं झाल्यावर प्रश्नावलीत 'नाही' लिहायला बसले, तर फायनान्सच्या ताईंचा मेसेज: "या महिन्याच्या बिलात एक प्रोजेक्ट जास्तीचा दिसतोय, तो कोणाचा?" बघितलं तर आमचं सगळ्यात पहिलं प्रोजेक्ट. सरांनी कंपनी काढली तेव्हा डोमेनच नव्हतं; स्वतःच्या जीमेलवरून बनवलं होतं. ते कुठल्याच ऑर्गखाली नाही, त्यामुळे माझी पॉलिसी, माझा शोध, काहीच तिथवर पोचलं नव्हतं. आणि चालू होतं काय, तर मुख्य डेटाबेसचा बॅकअप.

ते ऑर्गखाली आणायचं तर प्रोजेक्टच्या मालकालाच लॉगिन करावं लागणार होतं. मालक सरांचं जुनं जीमेल. पासवर्ड आठवेना, आणि ओटीपी ज्या नंबरवर जातो तो सध्या त्यांच्या आईकडे, साताऱ्याला. शनिवारी सरांनी फोन केला, आजींनी चष्मा शोधून सहा आकडे एकेक करून वाचून दाखवले. दुसऱ्या खेपेला बरोबर आले.