आईच्या टाचेवरचा मेलॅनोमा आणि जीन्सचे रिपोर्ट : माझा अनुभव

आईच्या टाचेवरच्या काळ्या डागाची बायोप्सी केली आणि रिपोर्टमध्ये अॅक्रल मेलॅनोमा आला, म्हणजे तळव्यांवर किंवा नखाखाली होणारा, त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे मेलॅनोमा तसा कमीच, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, आणि उन्हाचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. म्हणून तळपाय बघत जा, प्लीज.

पुढच्या रिपोर्टमध्ये एस-१००, एचएमबी-४५, मेलॅन-ए, सगळ्यापुढे पॉझिटिव्ह, ते वाचून मला वाटलं सगळीकडे पसरलंय की काय. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बसवून सांगितलं, अगं प्रत्येक पेशीत जीन्स तीच असतात, कुठली चालू आणि कुठली बंद यावर पेशी काय करणार ते ठरतं, रंग बनवणाऱ्या पेशीत जी चालू असतात त्यांची प्रोटीन्स या टेस्टमध्ये रंगतात, म्हणून निदान पक्कं होतं. या पेशींचं मुकादम म्हणजे एमआयटीएफ नावाचं जीन. ते जोरात चाललं की पेशी भराभर वाढतात, मंदावलं की वाढ कमी पण पेशी जागा सोडून पसरायला लागतात आणि औषधालाही दाद देत नाहीत. जीन बिघडलेलं नसलं तरी ते किती चालतंय यावर एवढं अवलंबून असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ऑपरेशन झालं, पण नंतर जांघेत गाठी आल्या. मग अर्ज देऊन बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, परत घेतला आणि जीन टेस्टला पाठवला. गोऱ्या लोकांच्या मेलॅनोमात साधारण निम्म्यांना बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये बिघाड सापडतो, तो शोध २००२ चा आणि त्यावरची पहिली गोळी अमेरिकेत २०११ ला मंजूर झाली, पण आईचं बीआरएएफ नॉर्मल आलं. बिघाड निघाला किट नावाच्या जीनमध्ये. पेशीच्या पृष्ठभागावरचं त्याचं प्रोटीन बाहेरून निरोप नसतानाही चालूच राहतं, आणि तो खोटा निरोप आत पोचून पेशी वाढवणारी जीन्स, सायक्लिन डी१ वगैरे, चढी राहतात. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणाऱ्या औषधांचा, खर्च झेपणारा नव्हता, किटवर इमॅटिनिब चालू शकते, तीच ब्लड कॅन्सरची गोळी, सगळ्यांना लागू पडत नाही हेही स्पष्ट सांगितलं होतं.

आईला लागू पडली. स्कॅनमध्ये गाठी लहान दिसल्या तेव्हा मी रिपोर्ट हातात धरून रडले.

पुन्हा वाढलं तर नवीन बायोप्सी करायची असं डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय, तोपर्यंत त्या पेशींमध्ये दुसरीच जीन्स जोरात चालू झालेली असू शकतात, आणि ते जुन्या ब्लॉकमध्ये दिसणार नाही.