तांबड्या समुद्रावरची पट्टी

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते इतिहासाचे सर. इस्राएल आळीतले सर म्हटलं की माझ्या पिढीला पुरे. बाकीच्या गुरुजनांचेही उपकार आहेतच, पण आज लिहीन ते सरांबद्दलच.

१९७२ च्या मे महिन्याची सुट्टी. वडील जाऊन चार महिने झाले होते. मी शाळा सोडल्याचा दाखला मागायला गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नकाशे फाटलेत रे. हाताखाली कोणीतरी हवंय. दिवसाला दीड रुपया." महिनाभर नकाशांच्या खोलीत आम्ही दोघंच. मोरचूद घातलेली खळ, मांजरपाटाच्या पट्ट्या. पट्टी मागून लावायची आणि बोटानं मधून कडेकडे हवा काढत न्यायची. आशियाचा नकाशा नेमका तांबड्या समुद्रावर चिरला होता. तो जुळवता जुळवता सरांनी मला रामबाम सांगितले.

रामबाम म्हणजे मोशे बेन मैमोन, बाराव्या शतकातले यहुदी धर्मपंडित आणि वैद्य. जन्म स्पेनमधल्या कोर्दोव्याचा, वडील तिथले धर्मन्यायाधीश. पहिलं शिक्षण त्यांच्याच हाताखाली. पुढे अल्मोहाद या कट्टर मुस्लिम राजवटीच्या जाचानं घर सुटलं. फेज, अक्को करत मुक्काम पडला कैरोजवळच्या फुस्तातला. अॅरिस्टॉटल आणि मुस्लिम तत्त्वज्ञ अल्‌-फाराबी पचवलेला हा माणूस रब्बींमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंमध्ये, रब्बी. साऱ्या धर्मशास्त्राची १४ खंडांत मांडणी केली, तीही सामान्य माणसाला समजेल अशा हिब्रूत. धाकटा भाऊ दावीद जवाहिरांचा व्यापार करी, म्हणून थोरल्याला अभ्यासाला उसंत. तो दावीद तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोचला, तिथे घेण्यासारखं काही दिसेना म्हणून हिंदुस्थानला निघाला. काळजी करू नका, असं भावाला पत्र लिहिलं. "ते पत्र आजही केंब्रिजला आहे," सर म्हणाले आणि त्यांचं बोट ऐधाबवरून सरकत आपल्या किनाऱ्याकडे आलं, मध्येच थांबलं. जहाज बुडालं होतं. रामबाम वर्षभर अंथरुणाला खिळले. मागं दाविदाची विधवा आणि लहान मुलगी. पुढे वैद्यकीवर घर चाललं.

हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सुंतेपलीकडे धर्मातलं काही ठाऊक नाही, असं त्यांनी एका पत्रात लिहिलंय. "हे आमच्याबद्दलच," सर म्हणत, "पण शब्बाथ आम्ही सोडला नाही." शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या यहुदी तेल्यांचे, शनवार तेलींचे वंशज ते, शनिवारी कधी नकाशाला हात लावला नाही.

महिनाअखेरीला फीपुरते पैसे हातात आले. तेव्हा वाटलं, काम केलं, पगार मिळाला. डॉक्टर झाल्यावर रामबाम मिळवून वाचले. दानाच्या आठ पायऱ्या त्यांनी सांगितल्यात. सगळ्यांत वरची पायरी: कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसावर हात पसरायची वेळच येऊ द्यायची नाही. पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ बसून राहिलो. तोवर सर इस्राएलमधल्या अश्दोदला जाऊन स्थायिक झाले होते. पत्र टाकलं, उत्तरात त्यांनी फक्त माझ्या आईची चौकशी केली होती.

माझ्या दवाखान्यात आजवर सहा मुलं कामाला राहून शिकली. दोघी आज परिचारिका आहेत.

नकाशांच्या खोलीत आता संगणक आहेत. मुलांना ते हवेतच, तरी जीव तुटतो. आशियाचा तो नकाशा कुठे माळ्यावर असेल तर मला कळवा. मागच्या बाजूला तांबड्या समुद्रावर एक पट्टी जराशी तिरकी आहे. ती माझी. सरांनी ती तशीच राहू दिली होती.